ब्रॅडगेट पार्क आणि न्यूटाउन लिनफर्ड : बाबागाडी घेऊन निघण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेस्टर आणि आसपासच्या गावांत राहणाऱ्या मराठी घरांतून हे प्रश्न दर उन्हाळ्यात येतात. कधी नव्या आईबाबांकडून, कधी भारतातून नातवंडासाठी आलेल्या आजी-आजोबांकडून. उत्तरं एकाच जागी असावीत म्हणून हे पान. पार्क मोठं आहे, पण इथली बहुतेक उत्तरं एकाच डांबरी रस्त्याभोवती फिरतात. तान्हं बाळ सोबत असेल तर तोच रस्ता पुरेसा आहे, असं माझं मत आहे आणि ते खाली पुन्हापुन्हा दिसेल.

हे ठिकाण नेमकं कुठे आहे?

लेस्टर शहराच्या वायव्येला, साधारण दहा किलोमीटरवर, चार्नवूड फॉरेस्ट नावाच्या डोंगराळ पट्ट्यात. एम-१ वरून येणाऱ्यांना २२ नंबरचं जंक्शन सोयीचं पडतं. पार्क सुमारे ८५० एकरांचं आहे आणि त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्याला खेटून न्यूटाउन लिनफर्ड हे जुनं गाव आहे. गाव आणि पार्क यांच्यामध्ये फक्त एक फाटक.

‘बाबागाडीला चालेल’ असं सगळेच लिहितात. इथे खरंच चालते का?

चालते. गावाकडच्या फाटकापासून पार्कच्या दुसऱ्या टोकाच्या हॉलगेट्सच्या फाटकापर्यंत सलग डांबरी रस्ता आहे. दोन बाबागाड्या शेजारी शेजारी नेल्या आणि समोरून तिसरी आली तरी अडचण होऊ नये इतका रुंद. पायऱ्या नाहीत, कुंपणावरून चढून जायचे लाकडी पाट नाहीत, गाडी उचलून घ्यावी लागत नाही. इंग्लंडातल्या ‘फॅमिली वॉक’ म्हणवणाऱ्या कितीतरी वाटांवर एखादं अरुंद फिरतं फाटक मध्येच उभं असतं, आणि मग बाळ एकाच्या हातात, गाडी दुसऱ्याच्या डोक्यावर अशी वरात निघते. तो प्रकार इथे होत नाही.

रस्ता सोडलात की मात्र सगळं बदलतं. गवतातल्या पायवाटा ओबडधोबड आहेत, मध्येच खडक वर आलेले आहेत आणि पावसानंतर चिखल आठवडाभर राहतो.

अंतर किती? वेळ किती लागेल?

गावाच्या फाटकापासून जुन्या वाड्याचे अवशेष साधारण सव्वा किलोमीटरवर. तिथून थोडं पुढे डिअर बार्न, म्हणजे चहापाण्याची जागा आणि माहिती केंद्र. तिथपर्यंत जाऊन परत आलात तर एकूण तीनेक किलोमीटर होतात. हॉलगेट्सच्या टोकाला शिवून परत यायचं म्हटलं तर पाच-सहा.

वेळेचं गणित मोठ्यांच्या पावलांवर करू नका. झोपलेलं बाळ आणि दोन मोठी माणसं असतील तर वाड्यापर्यंत वीस मिनिटं. नुकतं चालायला लागलेलं, गाडीतून उतरण्याचा हट्ट करणारं मूल असेल तर तेवढ्याच अंतराला तास लागतो, कारण त्याला प्रत्येक काडी उचलायची असते. अशा मुलासोबत वाड्यापर्यंत जाऊन डबा खाऊन परत येणं हा अर्ध्या दिवसाचा भरगच्च कार्यक्रम आहे.

सुरुवात गावाकडून करावी की हॉलगेट्सकडून?

गावाकडून. लिन नावाची छोटी नदी (आपण तिला ओढाच म्हणू) गावाकडून पार्कात शिरते आणि क्रॉपस्टनच्या तलावात जाते. रस्ता बराचसा तिच्या काठानं आहे, त्यामुळे जाताना हलका उतार आणि येताना तितकाच हलका चढ मिळतो. चढ इतका सौम्य आहे की रिकाम्या हातानं जाणवणारही नाही. पण गाडीत दहा किलोचं मूल, खाली टोपलीत डबे आणि हँडलला अडकवलेलं जाकीट असेल तर येताना नक्की जाणवतो. दम संपायच्या आत मागे फिरा, एवढंच.

हॉलगेट्सकडून निघालात तर गर्दी कमी मिळते आणि आधी तलाव दिसतो. पण पार्कचा सगळ्यात सुंदर तुकडा, म्हणजे दोन्ही बाजूंनी खडक आणि मधून वाहणारा ओढा, तो गावाच्या बाजूला आहे. बाळ जागं आणि खूश असतं ते पहिल्या अर्ध्या तासात. चांगलं दृश्य त्याच वेळात पदरात पाडून घ्यावं.

आमच्याकडे छोट्या चाकांची, छत्रीसारखी मिटणारी साधी स्ट्रोलर आहे. चालेल का?

डांबरी रस्त्यावर खुशाल चालेल. हवा भरलेल्या टायरची तीनचाकी गाडी या फेरीसाठी मुद्दाम विकत घेऊ नका. दोन गोष्टी मात्र पाळा. हलक्या स्ट्रोलरच्या हँडलला जड पिशव्या अडकवू नका, कारण मूल उचलून घेतलं की गाडी मागे कोलमडते. आणि ओढ्याच्या बाजूला थांबलात तर ब्रेक लावा, गाडी सपाटीवर आहे असं वाटत असलं तरी.

ओल्ड जॉनच्या बुरुजापर्यंत गाडी नेता येईल का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण पार्कचा प्रत्येक फोटो त्या बुरुजाचा असतो आणि रस्त्यावरून तो अगदी हाताशी दिसतो. बुरुज समुद्रसपाटीपासून सुमारे २१२ मीटरवर आहे. वर जाणारी वाट गवताची, दगडांची आणि शेवटी चांगलीच चढाची आहे. दोघांनी गाडी पालखीसारखी उचलून वर नेलेली पाहिली आहे. वर पोचल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही.

जायचंच असेल तर बाळाला पाठीवरच्या कॅरियरमध्ये घ्या आणि हंट्स हिलच्या कार पार्ककडून चढा, ते अंतर सगळ्यात कमी आहे. वारा नसलेला दिवस निवडा.

बुरुज १७८४ सालचा आहे आणि राहण्यासाठी वगैरे बांधलेला नाही. स्टॅमफर्डच्या अर्लनं, म्हणजे इथल्या तेव्हाच्या मालक उमरावानं, हौसेखातर मुद्दाम पडका दिसेल असा उभारलेला. बाजूच्या मोडक्या कमानीमुळे तो लांबून कान असलेल्या बिअरच्या मगासारखा दिसतो. सांगतात की जॉन नावाचा एक म्हातारा दळणवाला अर्लच्या मुलाच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या होळीत खांब कोसळून मेला, आणि त्याच्या आठवणीसाठी हा बुरुज. गोष्ट छान आहे, पण तो मुलगा एकवीस वर्षांचा झाला १७८६ मध्ये. बुरुज तेव्हा दोन वर्षांचा होता.

गोल फेरी करता येते का? त्याच वाटेनं परत यायला कंटाळा येतो.

नकाशावर गोल दिसतो, पण त्याचा अर्धा भाग डोंगरावरून जातो. गाडीसकट करू नका. कंटाळ्याबद्दल बोलायचं तर येताना उजेड बदललेला असतो, हरणं जागा बदलतात आणि बाळ बहुधा झोपलेलं असतं. जाताना जे पाहायला मिळालं नाही ते येताना निवांत पाहता येतं.

गावात थांबण्यासारखं काही आहे का?

गाव म्हणजे मुख्यतः एक लांब रस्ता. दोन्ही बाजूंना जुनी घरं, त्यातली काही लाकडी सांगाड्याची, म्हणजे काळ्या तुळयांच्या चौकटी आणि मधल्या भिंती पांढऱ्या. काहींवर गवती छपरं. कोकणातलं शाकारलेलं घर डोळ्यांसमोर आणू नका. हे छप्पर हातभर जाड असतं, कडेला कात्रीनं कापल्यासारखं नेमकं, आणि खिडक्यांवर भुवईसारखं वळलेलं. चर्च पार्कच्या फाटकाजवळच आहे. आवारातले जुने थडग्यांचे दगड जवळच्याच स्विथलंडच्या स्लेटचे आहेत. ही स्लेट इतकी टणक की दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कोरलेली अक्षरं आजही कालची वाटतात. वाचायला शिकणारं मूल बरोबर असेल तर अक्षरं शोधायला लावा.

पार्कच्या तोंडाशी क्रिकेटचं मैदान आहे. उन्हाळ्यातल्या शनिवारी तिथे सामना चालू असेल, तर बाबा मंडळी बाबागाडीसकट सीमारेषेवर उभी राहतात आणि फिरायला आलो होतो हे विसरतात. याला उपाय नाही.

गावातला फुटपाथ मात्र अरुंद आहे आणि रस्त्यावर गाड्या भरपूर. चालणारी मुलं असतील तर गाव बघताना हात सोडू नका. पार्कात शिरल्यावर मोकळं सोडा.

त्या पडक्या वाड्याची गोष्ट काय आहे? मुलांना काय सांगायचं?

हा ब्रॅडगेट हाउस. ग्रे घराण्याचा वाडा. डॉर्सेटचा पहिला मार्क्विस टॉमस ग्रे याच्या डोक्यातली ही कल्पना. पंधरावं शतक संपता संपता काम सुरू झालं आणि १५२० च्या सुमारास त्याच्या मुलानं पुरं केलं. त्या काळात इंग्लंडात श्रीमंतांची घरं दगडी असत, किल्ल्यासारखी असत. इथे लाल विटा वापरल्या आणि तटबंदी घातली नाही. आता आम्हाला शत्रूची भीती नाही, आम्ही ऐटीत राहणार, असं सांगणारं घर. जवळ जाऊन भिंत पाहा. लाल विटांमध्ये मधूनमधून जास्त भाजलेल्या काळपट विटा घालून शंकरपाळ्यांची नक्षी केलेली दिसते. बाळाला कडेवर घेऊन बोटानं ती नक्षी गिरवायला लावली तर ते दोन मिनिटं गप्प बसतं, असा अनुभव.

शिकारीचं रान त्याच्याही आधीचं, १२४१ च्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख आहे. ब्रॅडगेट नावाचं एक छोटं गावही इथे होतं. वाडा आणि रान वाढवताना ते उठवलं गेलं.

या वाड्यात वाढली लेडी जेन ग्रे. तिचा जन्म १५३७ मध्ये इथेच झाला असं परंपरा सांगते, इतिहासकारांचं मात्र साल आणि जागा दोन्हींवर एकमत नाही. ती आठव्या हेन्रीच्या बहिणीची नात. १५५० मध्ये रॉजर अ‍ॅशम नावाचा विद्वान इथे आला, तेव्हा घरची सगळी मंडळी रानात शिकारीला गेली होती आणि ही पोर खोलीत बसून प्लेटो वाचत होती, तोही मूळ ग्रीकमध्ये. त्यानं विचारलं, तू का नाही गेलीस? तिच्या बोलण्याचा आशय असा होता, की आईवडिलांसमोर बसणं, उठणं, शिवणं, नाचणं, काहीही केलं तरी चिमटे आणि बोलणी खावी लागतात, आणि मास्तर मात्र प्रेमानं शिकवतात, म्हणून पुस्तकच बरं.

पुढचं सगळं फार भरभर घडलं. पंधरा वर्षांचा राजा सहावा एडवर्ड ६ जुलै १५५३ ला वारला. मोठ्यांच्या राजकारणात जेनला पुढे केलं गेलं. १० जुलैला ती राणी म्हणून जाहीर झाली आणि १९ जुलैला पायउतार. नऊ दिवसांची राणी. १२ फेब्रुवारी १५५४ ला लंडनच्या टॉवरमध्ये तिचा शिरच्छेद झाला. अकरा दिवसांनी वडिलांचाही.

मुलांना किती सांगायचं हे वयावर. चार वर्षांच्या मुलाला ‘इथे एक राजकन्या राहायची, तिला शिकारीपेक्षा पुस्तकं आवडायची’ एवढं पुरतं. आठ-दहा वर्षांची मुलं ‘मग तिचं काय झालं?’ विचारतातच. तेव्हा खरं सांगावं. ‘तिला विचारलं होतं का कुणी, राणी व्हायचंय का?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न असतो आणि तो इतिहासाच्या बऱ्याच पुस्तकांपेक्षा नेमका असतो.

वाड्याच्या आत जाता येतं का?

अवशेषांना कुंपण आहे. आत मुख्यतः उन्हाळ्याच्या मोसमात, ठरावीक दिवशी सोडतात. घरून निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. बंद असलं तरी रस्त्यावरून मनोरे, भिंती आणि अजून छप्पर शाबूत असलेलं प्रार्थनाघर नीट दिसतं. आवारात मोर असतात. आपल्या राष्ट्रीय पक्ष्याला लेस्टरशरच्या पावसात पिसारा ओढत चालताना पाहून आजी हमखास हळहळतात.

२०१५ ते २०१९ या काळात लेस्टर विद्यापीठाचे पुरातत्त्वाचे विद्यार्थी इथे दर उन्हाळ्यात उत्खनन करत होते. पार्कातच दुसऱ्या एका जागी तर सुमारे १४,७०० वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांची गारगोटीची हत्यारं सापडली. म्हणजे शिकारीसाठी इथे येणारे ग्रे मंडळी पहिले नव्हेत.

ओक वृक्षांचे शेंडे छाटलेले का दिसतात?

दंतकथा अशी की जेनचं मस्तक उडवल्याची बातमी आली, तेव्हा रानातल्या लोकांनी शोक म्हणून ओकांची डोकी उडवली. प्रत्यक्षात ही जुनी लाकूडतोडीची पद्धत. झाड हरणांच्या तोंडाला येणार नाही इतक्या उंचीवर छाटायचं, नवी फूट वर येते, काही वर्षांनी पुन्हा छाटायचं. असं छाटलेलं झाड शेकडो वर्षं जगतं. खोड बुटकं, अजस्र आणि आतून पोकळ होतं. त्या पोकळीत मुलांना उतरवू नका. वटवाघळं, घुबडं आणि किडे यांची ती घरं आहेत, आणि लाकूड कुजकं असतं.

हरणं खरंच मोकळी फिरतात? बाळाला धोका नाही ना?

मोकळी फिरतात, आणि शेकड्यांनी आहेत. दोन जाती. रेड डिअर मोठं, तांबूस, आपल्या सांबराची आठवण करून देणारं. फॅलो डिअर लहान, बरेचदा चितळासारखे ठिपके असलेलं, नरांची शिंगं हाताच्या पंजासारखी चपटी. रस्त्यावरूनच दिसतात, त्यांच्यामागे जावं लागत नाही.

किमान पन्नास मीटर अंतर ठेवा. फोटोत हरीण बोटाएवढं येणार, येऊ द्या. खायला काहीही देऊ नका, सफरचंदाची फोडही नाही. एकदा माणसाच्या हातून खायची सवय लागली की ते पुढच्या बाबागाडीत तोंड घालतं.

वर्षातले दोन काळ जपायचे. सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत नर माजावर असतात. ऑक्टोबरच्या सकाळी धुक्यातून रेड डिअरच्या नराचा आवाज येतो तो हरणाचा वाटतच नाही. खोल, खरखरीत, म्हशीच्या हंबरण्यात मोटरसायकलची गुरगुर मिसळावी तसा. झोपलेली मुलं त्यानं दचकून उठतात. या दिवसांत रस्ता सोडू नका आणि नर रस्त्यावर आला तर थांबा, तो जाईपर्यंत वाट पाहा. दुसरा काळ जूनचा. पाडसं जन्मतात आणि आई त्यांना उंच नेच्यांच्या दाटीत लपवून चरायला जाते. एकटं पाडस दिसलं तर ते सोडून दिलेलं नसतं. हात लावू नका, जवळ रेंगाळू नका.

गोचिडींची भीती वाटते. काय करावं?

जिथे हरणं आणि नेचे, तिथे गोचिडी आल्याच. काहींमधून लाइम नावाचा आजार होऊ शकतो, म्हणून दुर्लक्ष नको, पण फिरायला जाणंच बंद करण्याइतकं घाबरायलाही नको. डांबरी रस्त्यावर गाडीत बसलेल्या बाळाला धोका फारच कमी. धोका असतो तो गवतात सतरंजी टाकून लोळणाऱ्यांना. लांब पँट, मोज्यात खोचलेली, आणि फिकट रंगाची, म्हणजे गोचीड चटकन दिसते. घरी आलं की आंघोळीच्या वेळी नीट पाहायचं : कानामागे, केसांच्या रेषेत, काखेत, जांघेत, गुडघ्याच्या मागे, नॅपीच्या कडेला.

चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्यानं त्वचेच्या अगदी जवळ धरून सावकाश सरळ वर ओढायची. तेल, तूप, काडीपेटी असले घरगुती प्रयोग नकोत, त्यानं उलट त्रास वाढतो. जागा धुऊन तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत पसरत जाणारं गोल लाल चट्टं दिसलं किंवा ताप, अंगदुखी आली तर जीपीला दाखवा आणि गोचीड चावली होती हे आवर्जून सांगा.

ओढ्यात पाय बुडवले तर चालतात का?

उन्हाळ्यात सगळा लेस्टर तेच करायला येतो. पाणी बऱ्याच ठिकाणी घोट्याएवढं असतं आणि छोट्या बंधाऱ्यांवरून खळाळतं. पान टाकून ते बंधाऱ्यावरून कसं उडी मारतं ते पाहायचा खेळ तीन वर्षांच्या मुलाला अर्धा तास पुरतो, त्यातही ओकचं पान जास्त चांगलं तरतं. खडक शेवाळलेले आणि निसरडे आहेत, म्हणून रबरी बूट किंवा बंद सँडल. पाणी वाहतं असलं तरी प्यायचं नाही, आणि खेळून आल्यावर डब्याला हात लावण्याआधी साबणानं हात धुवायचे. काठापर्यंत गाडी नेऊ नका, वर रस्त्यावरच ठेवा. पुढचा तलाव फक्त पाहण्यासाठी, त्यात उतरायचं नाही.

डबा न्यावा की तिथे काही मिळतं?

चहा, कॉफी, केक, सँडविच आणि सूप यांवर भागणार असेल तर तिथे मिळतं. भागणार नसेल तर डबा न्या. येताना शहरातल्या बेलग्रेव्ह रोडवरून गेलात तर गुजराती दुकानांतून खाखरा, ढोकळा, फरसाण सगळं घेता येतं. गाडीसोबतच्या फेरीसाठी पोळी-भाजीचा गुंडाळलेला रोल सगळ्यात उत्तम, कारण एका हातानं खाता येतो. आमटी-भात नको. दही-भात हवाच असेल तर तो बाळासाठी, घट्ट झाकणाच्या डब्यात.

बार्बेक्यू किंवा शेगडी पेटवू नका. वाळलेले नेचे क्षणात पेटतात आणि आग डोंगरभर पसरते. खरकटं आणि केळ्याची सालंसुद्धा परत घेऊन या. ‘कुजेल की’ हा युक्तिवाद हरणांच्या पोटाला लागू होत नाही.

बाळाचं दूध, नॅपी बदलणं?

स्वच्छतागृहं गावाच्या फाटकाजवळ आणि डिअर बार्नजवळ आहेत. त्या दोहोंमधल्या पट्ट्यात काही नाही, म्हणून निघतानाच नॅपी बदला. नुकताच शी-शूचा सराव सुरू केलेल्या मुलासाठी गाडीखाली छोटं भांडं ठेवणं शहाणपणाचं. अंगावर पाजायचं असेल तर कुठल्याही बाकावर निवांत बसा. इंग्लंडात सार्वजनिक जागी बाळाला पाजण्याला कायद्याचं संरक्षण आहे, तोंड लपवायची गरज नाही. फक्त वाऱ्याकडे पाठ करून बसा.

सगळ्यात चांगला महिना कोणता?

मला विचाराल तर मे. नेच्यांचे कोंब गोगलगाईसारखे गुंडाळलेले वर येत असतात आणि अंगाला ऊन लागतं तरी टोचत नाही. ऑक्टोबर रंगासाठी. ऑगस्टमधल्या सुट्टीच्या रविवारी दुपारी जाऊ नका, कार पार्कमध्ये जागा मिळवण्यातच बाळाची झोप संपते. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं. पार्क उजाडल्यापासून मावळेपर्यंतच खुलं असतं, तेव्हा हिवाळ्यात जेवून निघू म्हटलं की उशीर झालाच. उलट जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. संध्याकाळी सहाला जाणं ही त्या दिवसांतली खरी चैन.

पाऊस किंवा कडक ऊन असेल तर?

डांबरी रस्त्यामुळे भुरभुर पावसातही फेरी होते. गाडीवरचं प्लास्टिकचं आच्छादन न्या, पण पाऊस थांबला की लगेच काढा, आत कोंदट होतं. उन्हात त्याहून मोठी चूक लोक करतात : गाडीच्या तोंडावर मलमलचं दुपटं टांगतात. सावली मिळते, पण हवा अडते आणि आत तापमान झपाट्यानं वाढतं. छत्री लावा किंवा झाडाखाली थांबा. आजी कानटोपीचा आग्रह धरतील. वारा असेल तर त्यांचं ऐका. बाळाला गरम होतंय का हे हातपायांवरून ठरवू नका, मानेखाली किंवा छातीला हात लावून पाहा.

आजी-आजोबांना जमेल का?

गुडघे कुरकुरत असले तरी वाड्यापर्यंत जमतं, बसायला वाटेत बाक आहेत. व्हीलचेअरलाही तोच रस्ता. बाबागाडी आजोबांच्या हाती द्या. त्यांना हातांना आधार मिळतो, आणि काठी घ्या म्हटलं की येणारा रागही येत नाही.

मोठा भाऊ किंवा बहीण दहा वर्षांची आहे, तिला कंटाळा येईल. तिच्यासाठी काय?

खडक. इथले खडक पन्नास कोटी वर्षांपेक्षा जुने, साधारण ५६ कोटी वर्षांचे, ज्वालामुखीची राख समुद्रतळाशी बसून घडलेले. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळही ज्वालामुखीचाच, पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. म्हणजे रायगड ज्या दगडावर उभा आहे तो या दगडापुढे कालचं पोर. १९५७ मध्ये चार्नवूडमधल्या एका खाणीत कडा चढणाऱ्या शाळकरी मुलांना दगडावर पानासारखा ठसा दिसला. त्यांच्यातल्या रॉजर मेसननं तो तज्ज्ञांपर्यंत पोचवला, आणि इतक्या जुन्या काळात असे मोठे जीव होतेच नाहीत ही समजूत मोडली. जीवाला नाव मिळालं चार्निया मेसोनाय. आदल्या वर्षी टीना नेगस या शाळकरी मुलीनं तोच ठसा पाहून शिक्षिकेला सांगितलं होतं, तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मूळ नमुना लेस्टरच्या संग्रहालयात आहे. पावसाचा दिवस त्यासाठी राखून ठेवा. आणि हो, पार्कात हातोडी चालवायला मनाई आहे.

तिकीट किती? आणि हे पार्क आहे कुणाचं?

चालत येणाऱ्याला आत यायला काही लागत नाही, गाडी उभी करायचे पैसे द्यावे लागतात. दर बदलतात, म्हणून इथे लिहीत नाही. १९२८ मध्ये चार्ल्स बेनियन या बुटांची यंत्रं बनवणाऱ्या लेस्टरच्या उद्योजकानं ग्रे घराण्याच्या वारसांकडून ही जागा विकत घेतली आणि लेस्टरशरच्या लोकांना देऊन टाकली. अट एकच, ती नैसर्गिक राहावी आणि लोकांना तिथे शांतपणे फिरता यावं. आता एक ट्रस्ट कारभार पाहतो.

बसनं जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

त्या दिवसाचं वेळापत्रक आदल्या रात्री पाहा, रविवारी आणि सुट्टीला खास करून. परतीची शेवटची बस आधी ठरवा, मग फेरीची लांबी. बसमधली मोकळी जागा आधी व्हीलचेअरची असते. व्हीलचेअर आली तर गाडी मिटावी लागते, म्हणून एका हातानं मिटणारी गाडी न्या आणि टोपलीतलं सामान एकाच पिशवीत ठेवा.

शेजारच्या स्विथलंड वुडमध्ये निळी फुलं पाहायला गाडी नेता येईल?

एप्रिलअखेर ते मेमध्ये ब्लूबेल फुलतात तेव्हा त्या जंगलाची जमीन निळी होते, आणि प्रत्येकाला बाळाचा फोटो तिथेच हवा असतो. वाटा मातीच्या, मुळांच्या आहेत. चार दिवस कोरडे गेले असतील आणि गाडीला मोठी चाकं असतील तर थोडं आत जाता येतं. एरवी बाळाला झोळीत घ्या. जुन्या स्लेटच्या खाणी आता पाण्यानं भरलेल्या आणि खोल आहेत, कुंपणापासून लांब राहा. आणि फोटोसाठी बाळाला फुलांत बसवू नका. तुडवलेल्या ब्लूबेलला पुन्हा उभं राहायला काही वर्षं लागतात.